नाडी न लागणारे पाऊल

मळवली स्टेशनात लोकलमधून उतरून दक्षिणेकडे निघालेला वाटसरू प्रथम द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडतो, मग भाजे गावात शिरतो, आणि पुढे ज्याच्या अंगात बळ असेल तो लेण्यांच्या पायऱ्या चढतो किंवा लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीची वाट धरतो. पर्यटकाला हे टप्पे नकाशावर दिसतात. मला ते रुग्णांच्या केसपेपरावर लिहावे लागतात. न थांबता किती मीटर चालता येते, हा पुस्तकातला प्रश्न मावळातल्या शेतकऱ्याला विचारून काही हाती लागत नाही. पण पूल एका दमात चढून होतो का, भाज्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत कितीदा उभे राहावे लागते, असे विचारले म्हणजे तो आपल्या पायांतील रक्तप्रवाहाचा अचूक हिशेब देतो. "पूल चढताना पोटरी आवळून येते, म्याडम, जरा उभं राह्यलं की सुटते," असे सांगणारा मनुष्य पुढच्या वर्षी "रातच्याला पाय खाटेवरनं खाली सोडला की मग कुठं डोळा लागतो," असे सांगू लागला, की मधल्या काळात त्याच्या मांडीतल्या किंवा पोटरीतल्या धमन्यांचे काय झाले असेल ते मला यंत्रावाचून कळते. आडव्या पायात रक्त पोहोचेनासे होते. लोंबत्या पायात गुरुत्वाकर्षणाच्या साह्याने थोडेफार उतरते. आणि शरीराने आपल्यापुरता शोधून काढलेला हा उपाय घरच्यांना म्हाताऱ्याची खोड वाटत राहतो.

या रोगाची कारणे आमच्या भागात लपून राहिलेली नाहीत. वयाबरोबर धमन्यांच्या अस्तराखाली चरबीचे आणि चुन्याचे थर साचत जाणे, मधुमेहाने त्या प्रक्रियेला गती देणे आणि तंबाखूने तिच्यावर कडी करणे, हा सर्वसाधारण क्रम होय. ज्यांची चाळिशीही उलटलेली नाही आणि ज्यांना मधुमेहही नाही अशा विडी ओढणाऱ्या पुरुषांच्या हातापायांची बोटे काळी पडू लागली, तर तो रोग निराळा. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या वैद्याने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, आणि विडी पूर्णपणे सोडल्याखेरीज तो थांबत नाही, हे आजही तितकेच खरे आहे. त्यात आषाढात भातलावणीचे दिवस आले, की इंद्रायणीकाठच्या खाचरांत दिवसभर अनवाणी उभे राहणाऱ्या, मधुमेहाने संवेदना हरपलेल्या पावलात काटा रुततो, तो कळतही नाही, आणि श्रावणात ते पाऊल आमच्या टेबलावर येते. सर्जनने बोट काढायचे, मेलेली त्वचा व स्नायू खरवडायचे, प्रसंगी घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या खालून पाय उतरवायचा. आणि ते होत असताना या मनुष्याला वेदना होऊ द्यायची नाही व त्याचा जीवही धोक्यात घालायचा नाही, ही कामगिरी भूलतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येते.

सामान्य मनुष्याच्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर पाठीच्या मणक्यातून सुई घालून कमरेखालचे अंग बधिर करणे हा आमचा नित्याचा शिरस्ता. परंतु ज्याच्या पायाच्या धमन्या चोंदल्या आहेत त्याच्या हृदयाच्या धमन्या निर्मळ असतील असे मानण्यास काही आधार नसतो. पाठीतून भूल दिल्याबरोबर रक्तदाब जो खाली येतो, तो तरुण शेतकऱ्याला सोसतो, ह्याला सोसेलच असे नाही. शिवाय अशा रुग्णांपैकी बहुतेकांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू असते. एकटी ॲस्पिरिन असेल तर पाठीतल्या सुईला हरकत नसते. पण क्लोपिडोग्रेल असेल तर तिचा अंमल उतरण्यास पाच ते सात दिवस लागतात, आणि त्याआधी सुई घातली असता मणक्याच्या पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाण्याचा, म्हणजे दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका संभवतो. पाच दिवस थांबावे म्हटले तर सडलेले पाऊल थांबत नाही. संपूर्ण भूल द्यावी म्हटले तर विडीने जर्जर झालेली फुप्फुसे, थकलेले मूत्रपिंड आणि वर-खाली होणारी साखर आडवी येते. अशा वेळी सबंध मनुष्याला हात न लावता केवळ त्याच्या पायाकडे जाणारे मज्जातंतू तेवढे काही तास निद्रिस्त करावेत, आमच्या भाषेत ब्लॉक द्यावा, हा मार्ग मला नेहमीच सर्वांत सौम्य आणि सर्वांत न्याय्य वाटत आला आहे. पाऊल पुवाने भरलेले असते. त्या आम्लयुक्त ऊतींत जागच्या जागी टोचलेले बधिरीचे औषध नीट काम करीत नाही, म्हणून सुई दूर, निरोगी त्वचेतून, गुडघ्यामागे किंवा मांडीत घालणे हेच शहाणपणाचे.

हा मार्ग जितका सौम्य तितकाच पूर्वी तो या रुग्णाच्या बाबतीत बेभरवशाचा होता, आणि त्याचे कारण मोठे विचार करण्यासारखे आहे. सोनोग्राफीचे यंत्र नव्हते तेव्हा मज्जातंतू शोधण्यासाठी आम्ही तीन साक्षीदारांवर विसंबत असू. पहिली साक्ष धमनीच्या ठोक्याची, कारण शरीररचनेत मज्जातंतू आणि धमनी बहुधा शेजारी नांदतात. दुसरी रुग्णाची, सुई मज्जातंतूला भिडताच पावलापर्यंत मुंग्या गेल्या असे तो सांगे. आणि तिसरी विजेच्या मंद प्रवाहाची, सुईतून सोडलेल्या अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपासच्या प्रवाहाने पाऊल फडफडे. ज्याची धमनीच बुजली आहे त्याचा ठोका कोठून लागणार? ज्याचे पाऊल मधुमेहाने आधीच बधिर आहे तो मुंग्या कशाच्या सांगणार? आणि रोगट मज्जातंतू तर अर्ध्या मिलीअँपिअरला काय, सुई अंगाला टेकली असतानाही कित्येकदा एक मिलीअँपिअरला दाद देत नाही. या तिन्ही साक्षी ज्याच्या बाबतीत एकदम मुक्या होतात, त्यालाच या उपायाची गरज सर्वांत अधिक. म्हणून ध्वनिलहरींनी मज्जातंतू प्रत्यक्ष पाहून सुई नेण्याची विद्या ही इतरांसाठी सोय असली तरी या रुग्णाचा मात्र तो हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण वैद्याने १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला, आणि शरीराचा एक भाग तेवढा बधिर करण्याचे युग सुरू झाले. १९७८ मध्ये ल ग्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लर यंत्राने गळ्याच्या हाडामागची धमनी ऐकून तिच्या आधारे हाताचा ब्लॉक दिला. आणि १९९४ मध्ये त्याच व्हिएन्नात श्टेफान काप्राल यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई नेऊन तो दिला. आम्हां महाराष्ट्रातल्या भूलतज्ज्ञांपर्यंत ही विद्या पुढे हळूहळू आली, आणि पुण्याचे डॉ. संदीप दिवाण यांच्यासारख्या शिक्षकांनी ती हाताला धरून शिकविली.

आता पडद्यावर काय दिसते ते सांगते. गुडघ्यामागच्या खळीत सोनोग्राफी यंत्राचा प्रोब आडवा धरला असता निरोगी पायात सर्वांत खोल धमनी ठोके देताना दिसते, तिच्यावर नीला, आणि नीलेवर, त्वचेच्या अधिक जवळ, मज्जातंतूचा उजळ गोल, ज्याच्या आत काळपट ठिपके मधाच्या पोळ्यातील घरांसारखे मांडलेले असतात. विद्यार्थ्याला आम्ही शिकवितो, आधी धमनी शोध, मग वर ये. पण या रुग्णाच्या पायात धमनी शोधू जावे तर तेथे ठोका नसतो, रंगीत डॉप्लर लावला तरी रंग उमटत नाही, आणि चुन्याने पांढऱ्याफटक झालेल्या भिंतीमागे काळीकुट्ट छाया पडलेली असते. खालचा बिंदूच हरवल्यावर नवशिक्याचा हात पडद्यावर दिशाहीन फिरू लागतो. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे धीर येतो: खळीत मागच्या बाजूने पाहताना मज्जातंतू धमनीच्या अलीकडे, प्रोबच्या बाजूला असतो, त्यामुळे चुनखडी धमनीची छाया त्याच्या पलीकडे पडते, ती त्याला झाकीत नाही. धमनीचा नाद सोडावा, आणि स्नायूंना विचारावे. मांडीच्या मागच्या बाजूचे दोन स्नायू, बाहेरचा आणि आतला, जेथे एकमेकांपासून दूर होऊ लागतात, त्या फटीत तो उजळ गोल सापडतो. तेथून हळूहळू खाली यावे, म्हणजे त्याचे दोन फाटे होताना दिसतात, एक सरळ पोटरीकडे जाणारा आणि दुसरा बाहेरच्या बाजूला वळणारा. हे दोन फाटे एकाच आवरणात असतात त्या जागी, गुडघ्याच्या वळीच्या सहा-सात सेंटिमीटर वर, औषध सोडायचे.

प्रोबचा कोन अंशभर बदलला तरी मज्जातंतू पडद्यावरून नाहीसा होतो आणि अंशभर परत आणला की उजळतो. स्नायुबंधही असेच वागतात, म्हणून उजळले ते सर्व मज्जातंतू असे समजू नये. निरोगी पायात सहाय्यकाला पाऊल वर-खाली हलवायला सांगितले की दोन्ही फाटे आलटून पालटून वर-खाली होतात आणि ओळख पटते. पण काळे पडलेले पाऊल दुसऱ्याने हलविणे म्हणजे यातना, म्हणून रुग्णालाच सांगावे, "बाबा, जमेल तेवढंच पाऊल हलवा," आणि त्याला जमले नाही तर मुकाट्याने प्रोब वर-खाली सरकवीत ओळख पटवून घ्यावी. पाय ठेवायचा कसा, हाही येथे मोठा प्रश्न असतो. पुस्तकात पाय उशीवर उंच उचलून ठेवावा असे सांगितलेले असते. ज्याचा पाय उचलताच रक्त ओसरून कळा येतात त्याला ही आज्ञा करणे मला कधीच पटले नाही. कुशीवर वळवून, दुखरा पाय वरच्या बाजूस, दोन मऊ घड्यांवर, हृदयाच्या पातळीहून किंचित खाली ठेवला, की तो माझ्याशी बोलू लागतो. सुजलेल्या पायात प्रोब क्षणभर स्थिर दाबून धरला की पाणी बाजूला सरते व चित्र स्वच्छ होते. मात्र कागदासारख्या झालेल्या त्वचेवर किती दाबायचे, याचे माप हाताला सवयीनेच कळते.

गुडघ्याखालचा सारा पाय या एका मज्जातंतूच्या ताब्यात असतो. केवळ आतल्या बाजूची, गुडघ्यापासून पावलाच्या कडेपर्यंतची त्वचा तेवढी दुसऱ्याकडे, मांडीतून उतरणाऱ्या एका बारीक तंतूकडे असते. त्याला वगळले तर शस्त्रक्रिया चालू असताना रुग्ण अकस्मात कळवळतो. तो मांडीच्या मध्यावर, शिंप्याच्या बैठकीवरून नाव पडलेल्या लांब सपाट स्नायूखाली, धमनीच्या कुशीत असतो. १७८५ साली लंडनच्या जॉन हंटरने गुडघ्यामागची फुगलेली धमनी निकामी करण्यासाठी याच बोगद्यात वरची धमनी बांधली, म्हणून तो हंटरच्या नावाने ओळखला जातो. आणि मांडीची धमनी रोगाने बुजते तीही बहुतकरून याच बोगद्याच्या खालच्या तोंडाशी. येथेही मग धमनीची वाट न पाहता स्नायूची ओळख पटवून त्याच्या पाठीमागे औषध पसरवावे. जांघेत पूर्वी कृत्रिम नळीचे रोपण झालेले असेल तर त्या बाजूला सुई नेऊच नये. नळीला जंतू लागले तर पाय वाचविण्याची शेवटची आशाही जाते.

औषधाचे माप हा हिशेबाचा भाग, आणि येथे हयगय चालत नाही. अर्धा टक्का ब्युपिव्हकेनच्या एका मिलिलिटरात पाच मिलिग्रॅम औषध असते. वजनाच्या दर किलोला दोन मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर पंचेचाळीस किलो वजनाच्या कृश शेतकऱ्याला एकूण अठरा मिलिलिटरच देता येते. आंधळेपणाने ब्लॉक देण्याच्या काळात एकेका मज्जातंतूसाठी तीस-चाळीस मिलिलिटर ओतले जाई. आता सुईचे टोक व औषधाचे पसरणे डोळ्यांसमोर असल्याने गुडघ्यामागे बारा-तेरा आणि मांडीत पाच एवढ्यात काम भागते. रक्तवाहिनीत चुकून औषध गेले तर तत्काळ कळावे म्हणून औषधात अॅड्रिनॅलिन मिसळण्याची पद्धत आहे, पण ते वाहिन्या आकसवते. उपासमार सोसणाऱ्या पायात ते मी घालीत नाही, आणि मग त्या सूचनेविना राहायचे म्हणून दर काही मिलिलिटरांनी थांबून, मागे ओढून पाहून, पडद्यावर औषध साचते आहे ना याची खात्री करूनच पुढे जाते. वीस टक्के स्निग्ध द्रावण, जे या औषधाची हृदयावरची विषबाधा उतरविते, ते खोलीत हाताशी असल्याखेरीज सुई उचलू नये, असा माझा नियम आहे. मधुमेहाने दुबळे झालेले मज्जातंतू औषधाला अधिक संवेदनशील असतात. ब्लॉक निरोग्यापेक्षा अधिक तास टिकतो, आणि इजाही अधिक सहज होऊ शकते. म्हणून पावलाला आधीपासून किती बधिरता आहे, बोटे कोठवर हलतात, याची नोंद शस्त्रक्रियेपूर्वी सहीनिशी दफ्तरी असलीच पाहिजे.

औषध सोडल्यावर वीसेक मिनिटांत पाऊल कोमट होते. वाहिन्यांना आवळून धरणारे सूक्ष्म तंतूही त्याच औषधाने झोपतात, त्वचेतल्या वाहिन्या सैल होतात, आणि बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलावून दाखविले तर तो हात लावून म्हणतो, "पाय गरम लागतोय, बरा व्हायला लागला जणू." त्याला तेथेच सांगावे लागते की बुजलेली धमनी याने उघडत नाही. हेच सैल होणे हातात मात्र खरोखर कामाला येते: डायलिसिससाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि नीला जोडताना केवळ जागेवर बधिर करण्याऐवजी सबंध हाताचा ब्लॉक दिला, तर तीन महिन्यांनी जोड चालू राहण्याचे प्रमाण ६२ टक्क्यांऐवजी ८४ टक्के आढळले, असे ग्लासगोच्या वैद्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. पायात धमनी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनशी आधी बोलल्याशिवाय दीर्घकाळचा ब्लॉक देऊ नये. रक्त परत आल्यावर पोटरीतला दाब वाढू लागला, तर त्याची पहिली हाक वेदनाच देते, आणि ती आपणच मुकी केलेली असते.

रुग्ण जागा असतो, ही या विद्येची सर्वांत मोठी जबाबदारी. आपल्या शरीराचा भाग वेगळा होत असताना तो शुद्धीवर आहे, हाडावर चालणारी करवत त्याला दुखत नाही पण ऐकू येते. थोडे गुंगीचे औषध, कानांत कापूस किंवा त्याच्या आवडीचे भजन, आणि डोक्याशी बसलेल्या माणसाचा हात, यांतले काहीही कमी पडता कामा नये. तो भाताविषयी बोलतो, एकवीरेच्या पायऱ्या पूर्वी किती वेगाने चढे ते सांगतो. "झालं का काढून?" असे विचारले, तर "हो बाबा, झालं," असे खरे उत्तर त्याला त्याच क्षणी मिळाले पाहिजे.

राहिला प्रश्न यंत्राचा. ज्या सोनोग्राफीने मज्जातंतू दिसतो तिनेच गर्भाचे लिंगही कळते, म्हणून या यंत्रावर कायद्याचा पहारा आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून अमलात आला, आणि तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ झाली. हे आकडे डोळ्यांसमोर असताना प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, परवान्याची पाच वर्षांची मुदत, समुचित प्राधिकाऱ्याकडे करावयाचे अर्ज आणि तपासणी यांविरुद्ध मी तक्रार करणार नाही. मुलींच्या जिवासाठी एवढा बंदोबस्त हवाच. पण यंत्र एका इस्पितळातून दुसऱ्यात उचलून नेता येत नाही, हे योग्यच असले तरी कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा असे गावोगाव फिरून भूल देणाऱ्या माझ्यासारखीला त्याचा अर्थ असा होतो, की जेथे नोंदलेले यंत्र आहे तेथेच हा उपाय, आणि जेथे नाही तेथे पुन्हा पाठीतली सुई किंवा पुण्याची रुग्णवाहिका. यावर तोडगा कायदा सैल करण्यात नाही; तालुक्यातल्या ज्या ज्या शस्त्रक्रियागृहात पाय उतरविले जातात तेथे भूलतज्ज्ञाच्या वापरासाठी एक यंत्र रीतसर नोंदवून ठेवण्याची तजवीज शासनाने आणि इस्पितळांच्या चालकांनी करावी, एवढेच मागणे आहे.

आणि वाचकांकडेही एक मागणे आहे. घरातले वडीलधारे रात्री पाय खाटेखाली सोडून झोपत असतील तर बोट काळे पडण्याची वाट न पाहता त्यांचे पाय दाखवून आणा. शस्त्रक्रियेसाठी आणाल तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून बरोबर आणा. रक्त पातळ होण्याची गोळी कोणाच्या ऐकीव सल्ल्यावरून आदल्या आठवड्यात बंद करू नका. पायात किंवा हृदयात स्टेंट असेल तर तसे करण्याने तो बुजू शकतो. शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली, तेवढे मात्र कागदावर लिहून आणा.